चकलीखालची प्रश्नावली

मी परदेशात नोकरी करणार, हे आमच्या पिठाच्या गिरणीत ठरलं. कशाची नोकरी, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

ठरवलं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमची गिरणी आटपाडीला. अप्पा सातवी शिकलेले, आई चौथी. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा झगा घातलेला एकही फोटो कुणाच्या भिंतीवर नव्हता. मी दहावीला चांगली पास झाले तेव्हा शाळेतले गुरुजी ज्वारीचं दळण घेऊन आले आणि पट्टा चालू असताना ओरडून म्हणाले (गिरणीत सगळं ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही नसतंच), "अप्पा, पोरगी हुशार आहे. हिला सांगलीला धाडा!"

"सांगलीला कशाला?" अप्पा त्याहून मोठ्यानं ओरडले. "धाडायचीच तर परदेशात धाडतो. एकदाच काय ती बॅग भरायची!"

रांगेत पाच बायका होत्या. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. आता माघार नव्हती.

म्हणून मी अकरावी सायन्सला मुलुंड पूर्वेला आले, अरविंदमामा आणि सुनंदामामींकडे. त्यांनी मला स्वतःच्या दोन खोल्यांतली खिडकीची जागा दिली, टेबल दिलं, वर मायाही दिली. त्या उपकारांची परतफेड मी कशी केली, तेच आता सांगायचं आहे.

बारावीच्या जूनमध्ये अप्पांचा फोन आला. "सारिके, दिवाळीला येशील तवा एक नाव सांगायचं. कशात पदवी घेणार? एकच नाव. मी ते खडूनं गिरणीच्या दारावर लिहिणार. नाव न्हाई ठरलं तर बारावी झाली की परत ये. इथं बी.ए. कर, आन् गिरणीत बस."

मला पीठ आवडत नव्हतं असं नाही. पण सतरा वर्षं केसांत पीठ घेऊन वावरल्यावर माणसाला थोडा बदल हवा असतो.

मी मामांना विचारलं. मामा महापालिकेच्या पाणी खात्यात. ते म्हणाले, "परदेशात नळाला पाणी लागतं की नाही? पाइप कुठेही गळणारच! पाण्यातलं काहीतरी घे."

मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस बाई? आपल्या सोसायटीत विचार की! अर्धा परदेश इथूनच तर गेलाय."

हे खरं होतं. आमच्या सोसायटीत सोळा घरं आणि त्यांतली अकरा मुलं परदेशात. त्यांच्या आया त्यांना नावानं ओळखतच नसत. जिन्यात गप्पा चालायच्या त्या अशा: "आमच्या मेकॅनिकलला जर्मनीत थंडी बाधली." "आमच्या अकाउंट्सला रजाच मिळत नाही गं!" पहिला महिनाभर मला वाटायचं, या कारखान्याबद्दल बोलतायत.

तर, अकरा माणसं! अकरा अनुभव! मी मामींकडून नंबर घेतले आणि सगळ्यांना नम्रपणे मेसेज पाठवले. सगळ्यांनी वाचले. उत्तर एकाचंही नाही. चेअरमन दिघेकाकांचा अमेय अमेरिकेत कॉम्प्युटरवाला. त्याची आई मला म्हणाली, "अगं, तो मला रविवारी साडेचार मिनिटं देतो. तुला कुठून देणार?"

तेव्हा मला फराळाचे डबे आठवले.

आमच्या सोसायटीची पद्धत अशी, की दिवाळीच्या आधी तीन आठवडे सगळ्या काकू आमच्या मामींकडे जमतात. तळण एकाच घरी होतं आणि अकरा डबे भरून परदेशी रवाना होतात. डब्यावर नाव, पत्ता, आणि आत प्रत्येकीच्या लेकराच्या आवडीनिवडीप्रमाणे वाटणी. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेसेज कुणी उघडेल न उघडेल, आईचा डबा उघडत नाही असा माणूस जन्माला यायचाय!

आटपाडीच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला प्रकल्पासाठी प्रश्नावली तयार करायला शिकवलं होतं. भाषा सभ्य हवी, प्रश्न स्पष्ट हवेत, क्रमांक हवेत. मी रात्रीचा अभ्यास बाजूला ठेवून तीन दिवसांत चौदा प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि सुंदर अक्षरात अकरा प्रती हातानं लिहिल्या. (झेरॉक्स काढली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गुरुजी म्हणायचे, हस्ताक्षरात आदर दिसतो.)

नमुन्यादाखल काही प्रश्न देते.

प्र. ४. आपण ज्या विषयात पदवी घेतली त्याच विषयात काम करता काय?

प्र. ६. आपण आपल्या निर्णयाने समाधानी आहात काय?

प्र. ९. परत येण्याचा विचार आहे काय? असल्यास केव्हा? नसल्यास का नाही?

प्र. ११. आपल्या पश्चात आई-वडिलांची काळजी कोण घेते?

'आपल्या पश्चात' हा शब्द मला फार भारदस्त वाटला होता.

प्रत्येक प्रत पाकिटात घातली. पाकिटावर लिहिलं, 'कु. सारिका, बारावी सायन्स, सुनंदामामींची भाची. विषय निवडण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे.' खाली फोन नंबर. पाकीट चिकटवलं. चूक अशी काहीच नव्हती!

तळणाच्या दिवशी काकूंची मंडळी जेवायला गेली तेवढ्यात मी कामाला लागले. वेळ थोडा होता. ताटांत पसरलेल्या चकल्या अजून कोमट होत्या, पण मी म्हटलं, निवतील जाता जाता. भराभर पिशव्यांत भरल्या, तोंडं बांधली, प्रत्येक डब्यात चकलीच्या खाली एकेक पाकीट सरकवलं, वर चिवडा. मामी परत आल्या आणि अकरा डबे भरलेले पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"बघा!" त्या काकूंना म्हणाल्या. "पोरगी म्हणजे सोनं आहे!"

आता इथे एक गोष्ट घडली. ती मला पंधरा दिवसांनी कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. डबे गेले स्टेशनजवळच्या कुरिअरवाल्या हरीशभाईंकडे. हरीशभाई प्रत्येक डबा उघडून आत काय काय आहे त्याची यादी करतात, तो त्यांचा नियम. त्यांना पाकिटं दिसली. खाण्याच्या डब्यात बंद पाकीट त्यांना चालत नाही. त्यांनी सज्जनपणे अकराही पाकिटं फाडली, फेकून दिली, आणि आतला कागद तेवढा घडी घालून जागच्या जागी ठेवला.

म्हणजे डबे परदेशी पोचले तेव्हा आत काय होतं? आईच्या हातची चकली, आणि तिच्याखाली एक निनावी कागद: परत येण्याचा विचार आहे काय? नसल्यास का नाही?

पहिला फोन कदमकाकूंना आला. त्यांचा तेजस, म्हणजे जर्मनीतला मेकॅनिकल. काकू धापा टाकत आमच्याकडे आल्या.

"सुनंदा, अगं तेजस विचारत होता, आई तू बरी आहेस ना? म्हटलं, मला काय धाड भरलीय? तर म्हणतो, मग 'आपण' का म्हणतेस मला?"

"म्हणजे?" मामी.

"तेच तर! जन्मात त्याला मी गाढवाशिवाय हाक मारली नाही! मग म्हणाला, आई, मी समाधानी आहे, शपथ. मी पुढच्या वर्षी नक्की येतो. मग रडायलाच लागला गं!"

मी खिडकीत रसायनशास्त्राचं पुस्तक उलटं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी वैद्यांची केतकी. ऑस्ट्रेलियातली अकाउंट्स. तिनं व्हिडिओ कॉल करून आई-वडिलांना समोर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळलंच आहे ना सगळं? प्रश्न चार वाचला मी. ठीक आहे. सांगून टाकते. मी अकाउंट्स सोडून आठ महिने झाले."

वैद्यकाकूंनी पदर तोंडाला लावला. "मग करतेस काय?"

"ट्राम चालवते."

वैद्यकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. अख्खं आयुष्य बँकेत गेलेला माणूस. त्यांनी आधी फोन जवळ ओढला. मग पुढे वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, "किती डब्यांची?"

"पाच, बाबा."

"पाच!" काका उठून उभे राहिले. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर ते सगळ्यांना सांगत होते, "आमची केतकी! पाच डब्यांची! एकटी चालवते!" पण काकू मात्र दार लावून बसल्या होत्या. त्यांना एकच कोडं पडलं होतं: केतकीला वाटलं आपल्याला कळलंय. पण आपल्याला कळलं कसं?

तिसरा बॉम्ब चेअरमनांच्या घरी फुटला. अमेयनं प्रश्न नऊ आणि प्रश्न अकरा लागोपाठ वाचले. त्याच्या डोक्यानं हिशेब जुळवला: बाबा 'आपण' म्हणतात, 'पश्चात' म्हणतात, सगळं क्रमांक घालून लिहितात. म्हणजे बाबा मृत्युपत्र करतायत! त्यानं दिघेकाकांना फोन करून विचारलं, "डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"बाबा, लपवू नका! मी तिकीट काढलंय!"

दिघेकाका म्हणजे रोज पहाटे गच्चीत शंभर दंड काढणारा माणूस! त्यांनी फलकावर तातडीच्या सभेची सूचना लावली. रविवारी सकाळी अकरा वाजता, पार्किंगमध्ये, प्रत्येक घरातील सर्व सदस्यांनी लेखणीसह उपस्थित राहावे.

लेखणीसह! मी मामींना खरं सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेले आणि तीनदा पाणी पिऊन परत आले. सांगितलं आणि त्यांनी मला गावी पाठवलं तर? दिवाळी सहा दिवसांवर होती. हातात एकाही विषयाचं नाव नव्हतं. दारावर खडूनं लिहायला अप्पांनी जागा पुसून ठेवल्याचं आई फोनवर म्हणाली होती.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. दिघेकाकांच्या हातात अमेयनं पाठवलेला त्या कागदाचा फोटो होता.

"आपल्यातल्याच कुणीतरी हा खोडसाळपणा केलेला आहे," ते म्हणाले. "डबे इथेच भरले गेले. त्यामुळे आता प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं. अक्षर जुळवून पाहू."

"शाळा आहे का ही?" कदमकाकू.

"लिहा हो! मी सांगतो ते वाक्य: परत येण्याचा विचार आहे काय?"

चाळीस-पंचेचाळीस माणसं स्कूटरच्या सीटवर, गुडघ्यावर, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून शुद्धलेखन लिहायला लागली. मामा शेजारच्याचं बघून लिहीत होते. मी ठरवलं, वाईट अक्षर काढायचं. वाकडंतिकडं, कोंबडीच्या पायासारखं. पण गुरुजींनी माझ्या बोटांवर दहा वर्षं इतकी मेहनत घेतली होती, की मला वाईट अक्षर काढताच येईना! पेन टेकवला की मोती बाहेर.

दिघेकाका कागद गोळा करत आले. माझा बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सारिका," ते म्हणाले, "अक्षराचं राहू दे. मी फक्त वाक्य सांगितलं होतं ना?"

"हो काका."

"मग तू आधी 'प्र. ९' असं का लिहिलंस?"

चाळीस-पंचेचाळीस माना माझ्याकडे वळल्या.

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. अप्पा, गिरणी, दारावरची पुसलेली जागा, पाकिटावरचं नाव. हरीशभाईंना फोन लागला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "हां हां, लिफाफा मैंने ही फाडा! बंद लिफाफा नहीं चलता, साहेब. लेकिन कागज बराबर रखा था. एक भी गुम नहीं हुआ!" आपली सेवा चोख झाल्याचा त्यांना आनंद होता.

मामी उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "चूक झाली पोरीकडून. पण तिनं मेसेज केले तेव्हा एकानं तरी उत्तर दिलं असतं, तर तिला चकलीखाली शिरावं लागलं असतं का?"

तेवढ्यात दिघेकाकू, ज्यांना रविवारची साडेचार मिनिटं मिळायची, त्या पुढे आल्या.

"हिला कुणी ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. "अमेय येतोय. तीन वर्षांनी येतोय. बाबा धडधाकट आहेत हे त्याला कळलं, तरी तिकीट रद्द नाही करत म्हणाला." मग माझ्याकडे वळून हळूच, "पुढच्या वर्षीसाठी पण काहीतरी लिही गं!"

त्या संध्याकाळी सगळ्या आयांनी आपापल्या लेकरांना खरा प्रकार कळवला आणि तंबी दिली: 'पोरीचा कागद भरून पाठव, नाहीतर पुढच्या वर्षी डबा बंद.' दोन दिवसांत अकरापैकी नऊ उत्तरं आली.

मी ती पसरून बसले. अमेयनं लिहिलं होतं, कॉम्प्युटर सोडून काहीही घे. तेजसनं लिहिलं होतं, मेकॅनिकल सोड, कॉम्प्युटर घे. केतकी म्हणत होती, काहीही शीक, पण गाडी चालवायला आधी शीक. बाकीच्या सहांनी सहा वेगळे विषय सांगितले होते आणि त्यांतला एकही स्वतःचा नव्हता! नऊ हुशार माणसांचा सल्ला घेऊन मी होते तिथेच होते.

शेवटचा प्रश्न होता, 'अन्य काही सांगावयाचे असल्यास'. आणि तिथे मात्र नऊच्या नऊ जणांचं एकमत झालं होतं. या वर्षी चकल्या मऊ पडल्या. अमेयनं तर अर्धं पान लिहिलं होतं, 'वर्षभर वाट पाहिली आणि चकली वाकली. मोडली नाही, वाकली. तरी खाल्ली.'

ते 'तरी खाल्ली' माझ्या मनाला फार लागलं. मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, चकली मऊ का पडते?"

"नाव ठरलं का?"

"आधी चकलीचं सांगा!"

अप्पांनी पट्टा बंद केला. माझ्या आठवणीत त्यांनी फोनसाठी पट्टा बंद केलेला तो पहिलाच. "गरम भरली असशील," ते म्हणाले. "गरम चकली पिशवीत कोंडली की तिला घाम सुटतो. तो घाम जाणार कुठं? चकलीच पिते. आन् भाजणीचंबी तसंच. भाजलेलं धान्य निवल्याबिगर दळायचं न्हाई. बायका घाई करतात. मी बसवून ठेवतो त्यांना, निवू द्या म्हणून..."

अप्पा वीस मिनिटं बोलले. तेल कधी खवट होतं, कुठल्या डब्यात काय टिकतं, ओलाव्याचं पीठ मुठीत धरून कसं ओळखायचं. सातवी शिकलेला माझा बाप! आणि मी, बारावी सायन्स, अकरा डब्यांतल्या चकल्यांना स्वतःच्या हातानं घाम फोडून बसले होते.

"अप्पा," मी विचारलं, "हे सगळं शिकवणारं कॉलेज असतं का हो?"

"खुळी का काय? हे कोण शिकवणार!"

पण असतं. माझ्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं. त्याला फूड टेक्नॉलॉजी म्हणतात. चार वर्षांची पदवी, आणि जिथे जिथे माणसं खातात तिथे तिथे काम. दिवाळीला घरी गेले आणि एकच नाव सांगितलं. अप्पांनी खडू उचलला, मग थांबले.

"म्हंजी पुन्हा पीठच की गं!"

"पीठच. पण परदेशातलं."

त्यांनी लिहिलं. रांगेतल्या बायकांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

ही पदवी मी मिळवली. झगा घातलेला फोटो आता गिरणीत वजनकाट्याच्या वर आहे आणि त्यावर बोटभर पीठ साचलेलं असतं. मी साकीनाक्याच्या एका प्रयोगशाळेत परदेशी जाणारे खाद्यपदार्थ तपासते. माझी सही झाल्याशिवाय तिथून चकलीचं एक पाकीट देशाबाहेर जात नाही. मी पास केलेली चकली आजवर अकरा देशांत जाऊन आली. मी मुलुंडहून बसनं साकीनाक्याला जाऊन येते. सोसायटीचे डबे आता मी भरते. कोमट चकलीजवळ कुणी पिशवी नेली तर अंगावर धावून जाते.

पण गेल्या महिन्यात एक गोष्ट झाली. हॉलंडमधल्या एका प्रयोगशाळेला अर्ज केला होता. (नाव प्रत्येक पानावर लिहिलं. पाकिटावर माझा विश्वास उरलेला नाही.) पहिली फेरी पास झाले! दुसरी मुलाखत परवा दुपारी लॅपटॉपवर झाली, मामांच्या घरी, त्याच खिडकीतल्या टेबलावर. लॅपटॉपच्या पडद्यामागे, बाईंना दिसणार नाहीत असे, मामा, मामी आणि खास आटपाडीहून आलेले अप्पा श्वास रोखून बसले होते. पाऊण तास छान गेला. ओलाव्याबद्दल विचारलं तेव्हा तर मी अप्पांचं मुठीतलं पीठसुद्धा सांगितलं, आणि समोरच्या बाईंनी ते लिहून घेतलं.

शेवटी त्या हसून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात कळवू. चांगलंच कळवू असं वाटतंय. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

पडद्यामागून मामींनी दोन्ही हात जोडले. मामांनी 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. अप्पांनी तर डोळेच मिटून घेतले.

मी टेबलाच्या खणातून कागद काढला. "हो," म्हटलं. "चौदा."